भेगेच्या आतला रंग

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात वेल्डिंग तपासायला एक इन्स्पेक्टर येत. सगळे त्यांना नाना म्हणत. साठीला टेकलेले, कमरेला टॉर्च, खिशात गेज, बोटांवर जुन्या ठिणग्यांचे पांढरे डाग. त्यांनी सुरुवात हेल्पर म्हणून केली होती. केबल ओढायची, वेल्डरच्या हातात रॉड द्यायचा, जोडावरचा स्लॅग हातोडीने झाडायचा. पुढे ते वेल्डर झाले, बॉयलर वेल्डरची परीक्षा दिली, रिफायनऱ्या आणि वीज केंद्रांच्या साइटवर बरीच वर्षं काढली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तपासणीची परीक्षा दिली आणि हातातला होल्डर सुटून टॉर्च आली.

इन्स्पेक्टर म्हणजे काम झाल्यावर येऊन चुका काढणारा माणूस, असं पुष्कळांना वाटतं. नानांचं निम्मं काम ठिणगी पडायच्या आधीच झालेलं असे. पाईपवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना? हा वेल्डर या धातूची परीक्षा पास आहे ना? रॉड ओव्हनमधून आत्ता काढलेत की सकाळपासून उघड्यावर पडलेत? दोन पाईपांची तोंडं एका रेषेत आलीत का, मधली फट सगळीकडे सारखी आहे का? मग रूटचा पहिला थर पडला की तो झाकला जायच्या आत बघायचा, कारण एकदा वरचे थर चढले की तो डोळ्यांना पुन्हा दिसत नाही. शेवटी पिनहोल, कडेचा अंडरकट, आणि रात्री जागा मोकळी करून, दोरी बांधून, जोडाच्या आतलं दाखवणाऱ्या, इरिडियमच्या किरणांनी काढलेल्या फिल्म. या पेशात दरवर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात. हातभर अंतरावरचं बारीक टाइप वाचता आलं नाही, तर सही करण्याचा हक्क जातो. मला हा नियम फार आवडतो. पदवी कितीही जुनी असो, नजर दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते.

त्या वर्षी नानांच्या हाताखाली एक पोरगा आला होता. डिप्लोमा झालेला, हुशार, अक्षर मोत्यासारखं. पावसाळाभर बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत नवी वाफेची लाइन टाकण्याचं काम चाललं होतं. दाब ६७ किलो, वाफ ४८५ अंशांची. एवढ्या तापमानाला साधं लोखंड टिकत नाही, म्हणून पाईप क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचे. मोठ्या जोडांच्या फिल्म निघाल्या होत्या आणि सगळ्या स्वच्छ होत्या. आता वरून लोकर गुंडाळून पत्रा चढवायचा, म्हणजे लॅगिंग करायचं राहिलं होतं. लॅगिंगची माणसं खाली बिडी ओढत वाट बघत बसली होती. पाच दिवसांवर दसरा. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका गावोगाव गेल्या होत्या.

पोराने तपासणीचा कागद नानांपुढे ठेवला. प्रत्येक ओळीपुढे ‘पाहिले, योग्य’ असं लिहून खाली सही.

नानांनी कागद वाचला आणि विचारलं, “शेवटच्या वळणावरची परांची फार उंच आहे. चढलास?”

“तिथले जोड फिल्ममध्ये पास आहेत, नाना.”

“मी जोडांचं नाही विचारलं.”

पोरगा गप्प राहिला. मग म्हणाला, “फोरमनना विचारलं होतं. ते म्हणाले, वर काही राहिलेलं नाही.”

नाना रागावले नाहीत. कागदावरच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “बाळा, इथे ‘पाहिले’ लिहिलंय. ‘विचारले’ नाही लिहिलेलं. चल.”

दोघं परांची चढले. वर पाईपला रेड ऑक्साइडचा हात दिलेला होता. वळणाच्या बगलेत तळहाताएवढी एक पट्टी पाईपला वेल्ड केलेली होती. नकाशात ती नव्हती. शेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला नव्हता. गेजची बारीक नळी लोंबू नये म्हणून कुणीतरी ती मारली होती.

“ही कुठून आली?” नाना म्हणाले.

“नुसती क्लीट आहे, नाना. हिच्यातून वाफ जात नाही.”

“हिच्यातून जात नाही. ती ज्याला चिकटलीय, त्याच्यातून जाते.”

पोरगा ग्राइंडर मागवायला निघाला, तर नानांनी थांबवलं. ग्राइंडर फिरवला की धातू लिंपला जातो आणि भेगेचं तोंड बुजतं. असलेलीही मग दिसत नाही. त्यांनी रंग उतरवायचं औषध आणि तारेचा ब्रश मागवला. जागा चकाकेपर्यंत पुसली आणि डीपीच्या, म्हणजे रंगाने भेग शोधायच्या चाचणीच्या, डब्यातला लाल रंग तिच्यावर फवारला. हा लाल रंग पाण्याहूनही सहजपणे बारीक फटीत शिरतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. नानांनी घड्याळ बघितलं. “पंधरा मिनिटं,” ते म्हणाले आणि परांचीच्या फळीवर पाय सोडून बसले. पोरगाही बसला. खाली लॅगिंगवाल्यांपैकी कुणीतरी वर बघून ओरडलं, “नाना, आज चढवू का पत्रा?” नानांनी हातानेच थांबायला सांगितलं.

मग नाना बोलू लागले.

“उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीतल्या एकोफिस्क नावाच्या तेलक्षेत्रात अलेक्झांडर कीलँड नावाचं एक तरंगतं व्यासपीठ होतं. पाच पायांचं. तेलविहिरींवर काम करणारी माणसं तिथे राहायची, जेवायची, झोपायची. २७ मार्च १९८० ची संध्याकाळ होती. वादळ होतं, पण त्या समुद्राला नवं नव्हतं. त्या दिवशी २१२ माणसं होती त्याच्यावर. पायांना बांधून ठेवणाऱ्या जाड नळ्यांपैकी एक तुटली. तिचा भार शेजारच्यांवर गेला, त्याही पटापट तुटल्या, आणि एक अख्खा पाय निघून गेला. थोड्या वेळात सगळं व्यासपीठ उलटलं. १२३ माणसं गेली.”

“मोठा जोड कच्चा होता का?”

“तेच तर. मोठे जोड नव्हते गेले. त्या नळीला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारं एक छोटं यंत्र बसवायचं होतं. त्याच्यासाठी एक आधार वेल्ड केला होता. सहा मिलिमीटरचा वेल्ड. त्या आधाराने व्यासपीठाचा भार उचलायचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी भार उचलणाऱ्या जोडासारखं बघितलं नाही. भेग तिथे सुरू झाली. लाटा येत राहिल्या, भेग वाढत राहिली.”

नाना थोडं थांबले.

“चौकशीत तुटलेली नळी तपासली, तेव्हा भेगेच्या आत रंग सापडला.”

पोराला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याने फळी घट्ट धरली. रंग आत होता, म्हणजे भेग रंगाच्या आधीची. व्यासपीठ समुद्रात जायच्या आधी, किनाऱ्यावरच्या गोदीत, माणसं जवळून ये-जा करत असताना ती तिथेच होती. तिच्यावरून ब्रश फिरला होता. ज्याने फिरवला त्याचा दोष नाही, त्याचं काम रंग द्यायचं. पण त्याच्या आधी कुणीतरी तिथे बघायला हवं होतं.

पंधरा मिनिटं झाली. नानांनी लाल रंग पुसला, पाईप पुन्हा चकचकीत दिसू लागला. पोराचा चेहरा जरा सैल झाला. नानांनी दुसऱ्या डब्यातून पांढरा थर फवारला आणि दोघं बघत राहिले. पहिलं मिनिटभर काही नाही. मग क्लीटच्या कडेला, वेल्डमध्ये नव्हे तर पाईपच्या अंगावर, पांढऱ्यातून एक लाल रेघ वर आली. केसाएवढी. बोटाच्या पेराएवढी लांब. हळूहळू ती पसरून जाड झाली.

ती क्लीट मारणारा हेल्पर संध्याकाळी सापडला. नानांनी त्याला जवळ बसवलं. तो थरथरत होता. रात्रपाळीत फिटर म्हणाला, नळी हलतेय, टाक एक क्लीट, म्हणून त्याने खाली पडलेला रॉड उचलला आणि टाकली. पाईप वेगळ्या पोलादाचा आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हा पाईप आधी किमान दीडशे अंशांपर्यंत गरम करावा लागतो. गार पाईपवर एवढासा वेल्ड टाकला की त्याची उष्णता पाईप क्षणात ओढून घेतो आणि ती जागा काचेसारखी कडक होते. रॉड दमट असेल तर त्याच्यातला हायड्रोजन आत अडकतो. तो कधी एका दिवसाने, कधी दोन दिवसांनी तिथे भेग पाडतो. सकाळी बघितलं असतं तर ती दिसलीही नसती कदाचित. नानांनी हे सगळं त्या हेल्परला कागदावर पाईप काढून समजावलं. जितका वेळ पोराला दिला, तितकाच त्याला दिला. मला या गोष्टीत हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. चूक पकडणारे पुष्कळ भेटतात, पण चूक करणाऱ्याला बसवून शिकवणारा विरळा.

चीफ इंजिनिअरांच्या केबिनमध्ये मात्र गोष्ट सोपी नव्हती.

“नाना, दसऱ्याला अग्निप्रदीपन आहे. पाहुणे ठरलेत.”

“अग्निप्रदीपन करा की साहेब. बॉयलर तयार आहे, भट्टी पेटवा, पूजा करा. फक्त या लाइनला वाफ सोडू नका.”

“किती दिवस?”

“भेग संपेपर्यंत घासायचं. संपली का ते डीपीने बघायचं. जाडी किती उरली ते मोजायचं. कमी पडली तर पाईप तापवून, परीक्षा दिलेल्या वेल्डरकडून भरून घ्यायचं आणि पुन्हा तापवून सावकाश निववायचं. बाष्पके संचालनालयाला कळवायचं. मग दोन दिवस थांबून परत बघायचं. आणि क्लीट परत लावायची नाही. नळीला क्लॅम्प लावा, वेल्डच नको.”

चीफ साहेबांनी समोरचा कागद उचलला. “पण तुमच्याच माणसाने हे पास केलंय. सही आहे.”

नाना काही बोलायच्या आत पोरगा म्हणाला, “साहेब, सही माझी आहे. मी वर गेलो नव्हतो.”

खोलीत थोडा वेळ पंख्याचा आवाज तेवढा होता. पोराने कागद मागून घेतला आणि खोडरबर शोधू लागला. नाना म्हणाले, “खोडायचं नाही. एकच आडवी रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. बाजूला आजची तारीख आणि पुन्हा सही. जे चुकलं ते दिसू दे.” पोराने तसं केलं. रेघ मारताना त्याचं मोत्यासारखं अक्षर थोडं हललं.

दसऱ्याला भट्टी पेटली. नारळ फुटला, पेढे वाटले. लाइनला वाफ त्यानंतर काही दिवसांनी गेली.

पण त्याच्या आधीची, केबिनमधल्या त्या संध्याकाळनंतरची सकाळ सांगायची राहिली. नाना सात वाजता साइटवर आले, तेव्हा लॅगिंगवाले अजून आले नव्हते. वरून तारेच्या ब्रशचा आवाज येत होता. त्यांनी मान वर केली. पोरगा वळणाच्याही पुढच्या परांचीवर, टॉर्च दातांत धरून पाईपखाली वाकला होता. शेजारी फळीवर दगडाखाली दाबलेला कागदांचा गठ्ठा. पहिल्या दिवसापासूनच्या त्याच्या सगळ्या सह्या.

“किती राहिलेत?” नानांनी खालून विचारलं.

टॉर्च हातात घेत पोरगा म्हणाला, “एकोणतीस, नाना. त्यातल्या चार ठिकाणी तेव्हा मी चढलोच नव्हतो.”

नानांनी पिशवी खाली ठेवली, शिडीचे दोन्ही दांडे धरले आणि पायाने तिचा तळ रोवला.

“उतर सावकाश,” ते म्हणाले. “त्या चारातल्या पहिल्या ठिकाणी आता जाऊ.”