मृदू म्हणजे किती मृदू?

आज्ञा दिलेली आहे, पण तिचे माप दिलेले नाही. अशा वेळी आज्ञापालन म्हणजे नेमके काय? नीतिविचारातला हा जुना प्रश्न पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्वरलिपीत वादकापुढे पदोपदी उभा राहतो. नादाचे बल दर्शविणाऱ्या तेथील संज्ञा इटालियन आहेत. ‘पियानो’ म्हणजे मृदू, ‘फोर्ते’ म्हणजे जोरकस. ‘मेत्सो’ हे विशेषण दोहोंना मध्यमतेकडे आणते. ‘क्रेशेन्दो’त नाद वाढत जातो, ‘दिमिन्युएन्दो’त ओसरत जातो. ‘स्फोर्त्सान्दो’ एखाद्या स्वरावर आकस्मिक आघात मागते, ‘मार्कातो’ तो ठसठशीत उमटवायला सांगते, तर ‘तेनूतो’ पूर्ण काळ धरून ठेवायला.

या शब्दांचा अर्थ कोशात सापडतो. त्यांचे प्रमाण मात्र सापडत नाही. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सोनाता पिआन ए फोर्ते’ या रचनेत वाद्यांचे दोन समूह आहेत. सामान्यतः एक समूह एकटा वाजतो तेव्हा ‘पियानो’, दोन्ही एकत्र येतात तेव्हा ‘फोर्ते’. नादबलाच्या लिखित खुणांचे हे एक आरंभीचे उदाहरण. आणि येथेच ‘फोर्ते’चा अर्थ दुसऱ्याच्या सोबतीवर अवलंबून असल्याचे दिसते.

लयीचे तसे नाही. मेल्त्सेलने १८१५ साली मेट्रोनोमचे एकस्व घेतले आणि १८१७ साली बेथोव्हेनने आपल्या सिंफनींसाठी मिनिटागणिक ठोक्यांचे आकडे प्रसिद्ध केले. नादाची तीव्रता आज डेसिबलमध्ये मोजता येते. तरीही ‘पियानो’ला ठरावीक आकडा मिळालेला नाही. लहान खोलीतील मृदू स्वर मोठ्या सभागृहात ऐकूही येणार नाही. शांत ओळीतला ‘स्फोर्त्सान्दो’ गर्जणाऱ्या वाद्यवृंदात विरून जाईल. माप नसणे ही या भाषेची उणीव नव्हे. ती वादकावर निर्णयाचे उत्तरदायित्व टाकते.

कधी आज्ञा वाचण्यापासूनच अडचण सुरू होते. शूबर्टच्या हस्तलिखितांत आघाताची खूण आणि दिमिन्युएन्दोची खूण यांत अनेकदा फरक करता येत नाही. दोन्ही एका टोकाला निमुळत्या होणाऱ्या रेषाच. त्याच्या ‘ग्रेट’ सी मेजर सिंफनीच्या अंतिम स्वरावर अशीच खूण आहे. तो स्वर आघाताने संपवायचा की विझू द्यायचा? शूबर्ट १८२८ साली निवर्तला. सिंफनी १८३९ साली लाइपझिग येथे मेंडेल्सोनने प्रथम सादर केली. विचारायला कर्ता उरला नव्हता. संपूर्ण रचनेचा ओघ पाहूनच उत्तर शोधावे लागते.

कधी आज्ञा स्पष्ट असते, पण ती पाळणे अवघड असते. कैरो येथे १८७१ साली प्रथम सादर झालेल्या व्हेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेरात नायक रादामेस आपल्या गीताच्या शेवटी अत्युच्च स्वर गातो. त्यावर ‘अतिमृदू’ आणि ‘मोरेन्दो’, म्हणजे मावळत जाणारा, असे लिहिले आहे. अनेक गायक तो पूर्ण ताकदीने गातात आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. येथे चुकते ते केवळ आवाजाचे प्रमाण नव्हे. मृदू स्वरात ते एकट्या माणसाचे स्वप्न असते. जोरकस स्वरात त्याची विजयघोषणा होते. गायकाच्या सामर्थ्यापायी पात्राचे एकान्त हिरावले जाते.

कधी मात्र आज्ञांमध्येच विरोध उद्भवतो. चायकोव्हस्कीच्या १८९३ च्या सहाव्या सिंफनीतील पहिल्या भागात बासूनच्या काही स्वरांवर ‘पियानो’चे आद्याक्षर सहा वेळा लिहिले आहे. त्या खालच्या पट्टीत बासून इतका मृदू वाजणे अत्यंत कठीण. म्हणून अनेक संचालक ते स्वर बास क्लॅरिनेटला देतात. वाद्य बदलले, खूण पाळली. रादामेसच्या गायकानेही लिखिताबाहेर पाऊल टाकले आणि या संचालकांनीही. एकाचे पाऊल श्रोत्यांच्या टाळ्यांकडे वळले, दुसऱ्यांचे रचनेच्या शांततेकडे.

म्हणून निष्ठेची कसोटी अक्षरपालनात शोधता येत नाही, आणि माप नाही म्हणून वाटेल ते करण्याची मुभाही मिळत नाही. ‘मृदू’ हा शब्द नेहमी कोणाच्या तरी तुलनेत मृदू असतो: शेजारच्या वाद्याच्या, आधीच्या स्वराच्या, पात्राच्या मनःस्थितीच्या. तो पाळायचा तर आधी ऐकावे लागते. स्वतःखेरीज दुसरे काही ऐकू न येणाऱ्याला, सर्व संज्ञा मुखोद्गत असूनही, ‘पियानो’ वाजवता येणार नाही.