नकळत टिपलेले छायाचित्र आणि साक्षीभाव
नांदगाव खंडेश्वरसारख्या वऱ्हाडी गावात पाठवणीच्या वेळी नवरीचा बाप रडतो, तेव्हा ते रडणे खासगी नसते. अख्खा मांडव त्याला साक्षी असतो. मग त्याच क्षणी त्याच्या नकळत टिपलेल्या छायाचित्राला आक्षेप का असावा? मांडवातला साक्षीदार पाहतो तसा पाहिलाही जातो. बहुधा त्याचेही डोळे भरलेले असतात. छायाचित्रात ही परस्परता तुटते. रडणारा उरतो, सोबत रडणारे चौकटीबाहेर जातात.

नकळत टिपलेले ते खरे आणि पवित्रा घेऊन काढलेले ते खोटे, हा समज म्हणूनच उथळ आहे. टोपी सारखी करून कॅमेऱ्यासमोर ताठ बसणारा म्हातारा खोटे वागत नसतो. आपण कसे उरावे, हे तो ठरवत असतो. (स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यांची थट्टा करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.)

रोलाँ बार्थ यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८०च्या ग्रंथात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राचे दीर्घ विवेचन केले. ते छायाचित्र मात्र छापले नाही. परक्या वाचकाला ते इतर कोणत्याही छायाचित्रासारखेच वाटले असते. पाहण्याचा अधिकार नात्यातून येतो, असे यात गृहीत धरता येते. रडणाऱ्या बापाचे छायाचित्र लेकीच्या अल्बममध्ये असणे आणि तेच फोटोच्या दुकानात काचेमागे नमुना म्हणून लागणे, या भिन्न नैतिक कृती आहेत. बटण दाबताना मात्र यांपैकी कोणती घडणार, हे ठरलेले नसते.