डिलीट केलं म्हणजे काय केलं?

बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी घरात नॅस बसवला. नॅस म्हणजे राउटरला वायरने जोडलेला, पोटात हार्डडिस्क असलेला छोटा कॉम्प्युटर. घरातले फोन वायफायवर आले की त्यांतले फोटो आपोआप त्यात जातात आणि टीव्हीवर, लॅपटॉपवर, कुठेही बघता येतात.

बाबांचे फोटो पाच ठिकाणी विखुरले होते. त्यांचा फोन, ताईचा फोन, एक जुनी हार्डडिस्क, लग्नाच्या सीडी आणि कुठल्याशा कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड. त्यात गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ला संपली. तेव्हापासून ‘स्टोरेज फुल’ दिसलं की आई हाताला लागेल ते उडवायची. तिच्या हातून एखाद दिवशी बाबाही उडतील, अशी मला भीती होती.

दोन डिस्क बसतील असा डबा घेतला आणि चार-चार टीबीच्या दोन डिस्क. आठ टीबीचे पैसे मोजून वापरायला चारच मिळतात, कारण दुसरी डिस्क पहिलीचा आरसा असते. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’वर जो शोधनिबंध लिहिला, त्यातल्या पाच प्रकारांपैकी हा सगळ्यात सोपा. जे लिहायचं ते दोन्ही डिस्कवर एकदमच लिहायचं. एक मेली तरी दुसरी असते.

पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. आरशासमोर उभं राहून मिशी काढली तर आरशातलीही जाते. एका डिस्कवरून फाइल उडवली की दुसरीवरूनही त्याच क्षणी उडते. म्हणून मी रोज रात्रीचा स्नॅपशॉट चालू केला. त्या क्षणी डिस्कवर जे होतं ते तसंच धरून ठेवायचं, नव्वद दिवस. शिवाय तिसरी प्रत दर रविवारी नागपूरला ताईच्या घरच्या डिस्कवर. आमच्याकडे आग लागली, चोरी झाली, तरी तिकडे सगळं सुरक्षित. आता काहीच हरवणार नाही, या विचाराने त्या रात्री मला शांत झोप लागली.

मग एका संध्याकाळी आई टीव्हीवर फोटो बघत बसली होती. दिवाळी, कोकणातली सहल, आणि एकदम हॉस्पिटलच्या कॉटवरचे बाबा. ताईने काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते काहीतरी विचारतात. आईने रिमोट खाली ठेवला.

“हा काढून टाक. मला तसे बघायचे नाहीत ते.”

मी तिच्यासमोर व्हिडिओ डिलीट केला. रिसायकल बिनही रिकामी केली.

“गेला?”

“गेला.”

गेला नव्हता. नव्वद स्नॅपशॉटमध्ये होता, नागपुरात होता. मला ते बोलतानाच माहीत होतं.

पुढचे काही दिवस मी स्वतःला समजावत राहिलो. आई दुःखात आहे, उद्या तिलाच तो हवासा वाटेल, तेव्हा मी काढून देईन आणि ती म्हणेल, बरं झालं ठेवलास. हा युक्तिवाद ऐकायला प्रेमळ आहे. पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि तेच सगळ्या बॅकअपच्याही मुळाशी आहे: माणूस काही पुसतो तेव्हा तो चुकतो. बहुतेक वेळा हे खरंही असतं. आपण झोपेत, रागात, घाईत फाइली उडवतो. पण कधीकधी माणूस विचार करून पुसतो. चूक आणि निर्णय यांतला फरक मशीनला कळत नाही. तो कळायची जबाबदारी ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याची. मी मात्र मशीनच्या आड लपून आईच्या निर्णयाला चूक ठरवलं होतं.

दुसरी बाजूही मला दिसत होती. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतली जुनी दप्तरं शोधत होते. त्यातून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघाले. त्या घरांनी माळे साफ केले असते तर आपला इतिहास केवढा तरी रोडावला असता. पत्रं लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि तरी आपण त्या न विचारण्याचे ऋणी आहोत. मग चाळीस सेकंदांचं काय एवढं?

फरक असा, की ती पत्रं वाचून ज्याला लागावं असं कुणी तेव्हा उरलं नव्हतं. इथे ज्या बाईला लागतं ती शेजारच्या खोलीत झोपते. आणि ज्याचं चित्रण झालं त्याला विचारायची सोय नाही. पण बाबांना मी ओळखायचो. फोटो काढायचा म्हटलं की आधी खिशातला कंगवा काढणारा माणूस. त्या व्हिडिओत त्यांचे केस विस्कटलेले आहेत.

शेवटी आईला सगळं सांगितलं. स्नॅपशॉट काय असतो, तेही. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, व्हिडिओबद्दल चिडेल. तिने वेगळंच विचारलं.

“आणखी काय काय दिसतं तुला?”

सगळंच दिसत होतं. तिच्या फोनमधला प्रत्येक फोटो, प्रत्येक स्क्रीनशॉट. रक्ततपासणीचा एक रिपोर्टही. तो मी उघडून पाहिला होता, आणि तिने सांगितलं नाही म्हणून मीही बोललो नव्हतो. तिच्या फोनवर आपोआप अपलोड चालू करताना मी तिला एवढंच म्हणालो होतो की फोटो आता हरवणार नाहीत. ते कुणाला दिसतील हे म्हणालो नव्हतो.

त्या रात्री ताईला फोन लावला. तिचं म्हणणं सरळ होतं: त्यात त्यांचा आवाज आहे, शेवटचा. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आवाज ठेवा.”

स्नॅपशॉटमधून एकच फाइल उपटता येत नाही. ती ज्या-ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे ते सगळे काढावे लागतात. म्हणजे त्या नव्वद दिवसांत आमच्यापैकी कुणी चुकून काही उडवलं असेल तर तेही परत मिळणार नव्हतं. आईच्या शब्दाची ही किंमत होती, आणि ती मोजायला हवी असं मला वाटलं. आधी आवाज वेगळा काढून ठेवला. मग सगळे स्नॅपशॉट काढले. नागपूरच्या प्रतीतला व्हिडिओ ताईने स्वतः काढला. तिच्या फोनमध्ये तो अजून आहे का, हे मी विचारलं नाही. तो फोन तिचा आहे.

आवाजात बाबा एवढंच विचारतात, “चहा झाला का तुमचा?”

आता आईच्या फोल्डरला तिचा स्वतःचा पासवर्ड आहे. अ‍ॅडमिन म्हणून मी तो बदलू शकतो, हेही तिला सांगून ठेवलंय. कुलूप पक्कं नाही, माझा शब्द आहे. स्नॅपशॉट आता तीसच दिवस राहतात आणि तो आकडा फ्रिजवर कागदावर लिहिलाय. नॅस घ्यायचा म्हणून कुणी मला विचारलं तर किती डिस्क, किती टीबी, हे सांगतोच. पण आधी एक प्रश्न विचारतो: घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का, की डिलीट दाबल्यावर नक्की काय होतं, आणि कुणाला काय दिसतं?

गेल्या आठवड्यात आईने फोनवर काहीतरी डिलीट केलं आणि स्वयंपाकघरातून विचारलं, “तीस दिवस ना?”

“हो, तीस.”

“बरं.”

काय होतं ते मी पाहिलं नाही.