थैलीतील दोन वजने

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर गिऱ्हाईक वस्तू हाती घेऊन, उलटसुलट पाहून मगच पैसे मोजते. इंटरनेटवरील लिलावात मात्र छायाचित्र हाच त्याचा डोळा. तेथे आपल्या जुन्या घड्याळासाठी आपण दुसऱ्या विक्रेत्याचे छायाचित्र न विचारता लावले, तर दोघांविरुद्ध अपराध करतो: एकाचे श्रम चोरतो, दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा छायाचित्राला संरक्षण देतो. पण मोशेच्या नियमशास्त्राने फार पूर्वीच थैलीत लहानमोठी दोन वजने बाळगण्यास मनाई केली आहे (अनुवाद २५:१३). दाखवायचे एक आणि द्यायचे दुसरे, हीच ती दोन वजने. आपल्या घड्याळावर ओरखडा असेल, तर तो दिसू द्यावा. दाम कमी येईल. पण प्रभूपुढे थैली उघडताना आपला हात कापणार नाही.