धावपटूचा योगक्षेम

धावणाऱ्याने बक्षिसाची रक्कम घेतली की त्याच्या धावण्याचे पावित्र्य उणावते, अशी एक समजूत सुशिक्षितांत अद्याप रेंगाळत असून, तिच्या समर्थनार्थ गीतेतील निष्काम कर्माचा दाखला हटकून पुढे केला जातो.

बाप अकाली वारल्यामुळे शाळा सोडून फिनलंडमधील तुर्कू शहरात एका बेकरीची अवजड गाडी रेल्वे स्टेशनाच्या चढावरून ढकलणारा पाव्हो नुर्मी पुढे ऑलिंपिकच्या नऊ सुवर्णपदकांचा धनी झाला. आणि 1932 साली कारकिर्दीची सांगता मॅरेथॉनने करावी या उमेदीने तो लॉस एंजलिसला पोहोचला, तेव्हा जर्मनीच्या दौऱ्यात वाजवीपेक्षा अधिक प्रवासखर्च घेतल्याचा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने त्याला शर्यतीतून बाद केले. महासंघाचे अध्यक्ष एडस्ट्रॉम हे स्वीडनमधील एका मोठ्या विद्युत्-कारखान्याचे प्रमुख होते. प्रवासभत्त्याविषयी एवढे सोवळे पाळणे त्यांना परवडत होते, इतकेच मी म्हणेन.

फलत्याग हा ज्याच्या हाती फळ आहे त्याने स्वेच्छेने करावयाचा असतो. दुसऱ्याच्या ताटातले उचलून त्याला त्यागी ठरविण्यास शास्त्रात आधार सापडावयाचा नाही. शिवाय ज्या भाकरीवर पाय चालतात ती कर्माचे फळ नव्हेच, ते मूळ होय. भगवंतांनी अनन्य भक्ताचा योगक्षेम स्वतःच्या शिरावर घेतला आहे, त्यास उपाशी राहण्याची अट घातलेली नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडी गावात शिरली की चुली पेटतात, पिठले-भाकरीची पंगत बसते, आणि पोटभर जेवला म्हणून वारकऱ्याची वारी बाटली असे कोणी म्हणत नाही. 1920 साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये 19वे आले, ते दोराबजी टाटांनी हिंदी चमूसाठी पदरचा पैसा घातला म्हणूनच. (ज्या ग्रीकांच्या ऑलिव्ह-मुकुटाचे आपण गोडवे गातो, त्यांच्यातील सोलोनने ऑलिंपिक विजेत्यास 500 द्राख्मा देण्याचा कायदा केला होता, असे प्लुटार्क लिहितो.)

लोभाने धावणारे असतात, हे खरे. परंतु लोभ हा मनाचा दोष, मोबदल्याचा नव्हे, आणि तो कचेरीत बसून हुकूम काढणाऱ्यांसही जडतो.

1952 साली हेलसिंकीच्या क्रीडांगणात ऑलिंपिकची मशाल घेऊन धावत शिरलेला पंचावन्न वर्षांचा गृहस्थ नुर्मीच होता, आणि त्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी एडस्ट्रॉम होते.