उघडणे आणि फोडणे : साधनाच्या औचित्याविषयी

१

एखादी बंद वस्तू उघडण्यासाठी तिचे म्हणून जे साधन ठरलेले असते ते हाताशी नसेल, तर दुसऱ्याच कामासाठी घडवलेल्या साधनाने ती उघडावी काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु संहिता 'उघडणे' हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा आपल्यासारख्यांच्या बाबतीत तो नैतिक प्रश्न होतो. तो कसा होतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे. सुरुवात एका क्षुल्लक प्रसंगापासून करणे भाग आहे, कारण हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचलेला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा आटोपल्यावर आम्ही चौघे अतिथिगृहात बसलो होतो : बाहेरून आलेले परीक्षक, विभागातील एक ज्येष्ठ सहकारी, तो विद्यार्थी आणि मी. लिंबू सोड्याच्या चार बाटल्या आल्या, ओपनर मात्र आला नाही. शिपाई तो शोधायला गेला आणि बराच वेळ परतला नाही. टेबलाच्या कडेवर झाकण अडकवून वरून तळहात मारावा, असे परीक्षकांनी सुचवले. टेबल नवे होते, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले. तेव्हा तो विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, चमचा चालेल." बाटलीची मान त्याने डाव्या मुठीत घट्ट धरली, चमच्याच्या दांड्याचे टोक झाकणाच्या दातेरी कडेखाली सरकवले, दांडा तर्जनीच्या पेरावर टेकवला आणि दुसरे टोक खाली दाबले. चारही बाटल्या अशा उघडल्या. चौथी उघडून झाली तेव्हा त्याच्या तर्जनीवर लाल वळ उमटलेला होता.

या प्रसंगाच्या तासभर आधी परीक्षकांनी त्याला विचारले होते, "तुमची सैद्धांतिक चौकट व्यवस्थित आहे, पण ओवी कुठे आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. वास्तविक ते माझ्यापाशी असायला हवे होते. कारण ओवी त्या प्रबंधातून मी बाहेर काढली होती.

२

प्रथम त्या झाकणाचा विचार करू. दातेरी कडेचे हे पत्र्याचे झाकण बाल्टिमोर येथील विल्यम पेंटर याने शोधले. त्याचे पेटंट १८९२चे आहे. आरंभी त्याला चोवीस दाते असत, आज एकवीस असतात. झाकण काढण्याच्या साधनाचे पेटंट पेंटरनेच १८९४ मध्ये घेतले. म्हणजे बंद करण्याची युक्ती आधी आली आणि उघडण्याचे 'योग्य' साधन दोन वर्षांनी. साधनाची योग्यता वस्तूच्या स्वभावात अनादिकाळापासून नसते. बंद करणाऱ्याने ज्या रीतीने बंद केले, तीतून ती निर्माण होते. याच्या वीसएक वर्षे आधी, १८७२ मध्ये, इंग्लंडात हायरम कॉड याने जी बाटली केली तीच आपली गोटी सोड्याची बाटली होय. तिच्यात आतल्या वायूचा दाबच गोटीला तोंडाशी धरून ठेवतो आणि अंगठ्याने वा लाकडी दट्ट्याने ती आत ढकलली की बाटली उघडते. तेव्हा 'योग्य ओपनर' ही कोटी सार्वकालिक नव्हे.

आपल्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली तेव्हा औचित्य हा त्याने कोणत्याही एका घटकाचा गुण मानला नाही. एक गोष्ट दुसरीला साजेशी असणे, असे त्याचे स्वरूप सांगितले. उचितता ही संबंधात असते. तसे असेल तर ओपनर स्वतःहून उचित नाही आणि चमचा स्वतःहून अनुचित नाही.

याच्या उलट टोकाला ॲरिस्टॉटल आहे. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात तो अनेक कामांसाठी घडवलेल्या डेल्फीच्या सुरीचा उल्लेख करतो. निसर्ग त्या सुरीच्या कारागिरासारखा कंजूष नाही, तो एका कामासाठी एकच वस्तू घडवतो, आणि एकाच कामाला वाहिलेले साधन सर्वांत चांगले असते, असा त्याचा आशय आहे. ऐकायला हे निरुपद्रवी वाटते. परंतु या विधानाचा संदर्भ सुऱ्यांचा नसून स्त्री आणि गुलाम यांच्या निसर्गसिद्ध भेदाचा आहे, आणि पुढे हाच विचारवंत गुलामाला सजीव साधन म्हणतो. एका कामाला एक साधन या तत्त्वाच्या पोटात एका कामाला एक माणूस हे तत्त्व दडलेले असते. आपल्या समाजाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जातिव्यवस्था श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले आहे. कोणती संहिता कोणी कशाने उघडावी याचे आपल्याकडील नियमन 'अधिकार' या शब्दाने होत असे, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे.

३

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य विचाराने या प्रश्नाला निराळी कलाटणी दिली. हायडेगरने १९२७ मध्ये असे दाखवले की साधन नीट चालू असते तेव्हा ते आपल्या लक्षातच येत नाही. ते मोडले वा हरवले की मगच ज्या संबंधांच्या जाळ्यात ते वावरत होते ते जाळे प्रकट होते. त्या दुपारी ओपनर नव्हता म्हणूनच टेबल, चमचा, तळहात, बोट ही सारी आम्हाला दिसली. क्लोद लेव्ही-स्त्रोसने १९६२ मध्ये, हाताशी असलेल्या जुन्या तुकड्यांतून काम निभावणारा 'ब्रिकोलर' आणि प्रत्येक कामासाठी नवे साधन घडवणारा अभियंता, असा भेद केला. देरिदाने १९६६च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात तो भेद अस्थिर केला : सर्व साधने शून्यातून घडवणारा अभियंता ही ब्रिकोलरनेच रचलेली कल्पित कथा आहे, हाताशी असलेल्यावरच सर्वांना भागवावे लागते. हे व्याख्यान बाल्टिमोरमध्ये झाले, म्हणजे पेंटरच्याच शहरात. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही.

या विवेचनाने चमच्याला प्रतिष्ठा मिळाली, हे खरे. सर्वच वाचक ब्रिकोलर असतील तर कोणी कोणाला 'तुझे साधन योग्य नाही' असे म्हणू शकत नाही. परंतु एक प्रश्न येथे सुटून जातो. भागवून घेण्याची किंमत कोण देतो?

त्यासाठी शाळेत शिकलेल्या तरफेकडे परत जावे लागते. ओपनर ही अडकित्त्यासारखी दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. तिचा टेकू झाकणाच्या माथ्यावर असतो, भार मधे असतो आणि हाताचे बल दुसऱ्या टोकाला लागते. ज्याला उघडायचे त्याच्यावरच ओपनर टेकतो. उघडणाऱ्याला काही सोसावे लागत नाही. चमच्याची तरफ पहिल्या प्रकारची आहे. तिचा टेकू भार आणि बल यांच्या मधे असतो, आणि हा टेकू म्हणजे उघडणाऱ्याचे बोट. बोट झाकणाच्या जितके जवळ, तितके बल कमी लागते; मूठ सैल पडली तर दांडा निसटतो आणि सारा भार पेरावर येतो. टेबलाच्या कडेने उघडताना टेकू, भार सारेच दुसऱ्याच्या वस्तूवर पडते : बाटली आपली, कपची उडते ती टेबलाची. आणि सर्वांत घाईचा मार्ग म्हणजे मान फोडणे. त्यात किंमत बाटलीच मोजते आणि काचेचे कण पडलेले पेय कोणालाच पिता येत नाही.

मराठी भाषेने हा फरक मोठ्या बारकाईने सांभाळला आहे. आपण पुस्तक उघडतो, पण पत्र फोडतो. कुलूप उघडतोही आणि फोडतोही, आणि कोणी काय केले यावर तो घरधनी की चोर हे ठरते. नारळ फोडण्यावाचून उघडताच येत नाही. दुःखाला तर वाचा फोडावी लागते. म्हणजे फोडणे सर्वत्र निषिद्ध आहे असे नाही. जेथे बंद राहणे हाच अन्याय असतो तेथे फोडणे कर्तव्य ठरते. मात्र फोडणाऱ्याने आपण उघडतो आहोत असा आव आणू नये.

तेव्हा साधनाच्या औचित्याचा निकष असा मांडता येईल : साधन मूळचे कोणत्या कामासाठी घडले यापेक्षा त्याचा टेकू कोठे आहे आणि त्या टेकूवरचा भार कोण सोसतो, हे पाहावे.

४

आता त्या प्रबंधाकडे वळतो. विषय जात्यावरच्या ओव्यांचा होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत, हे अभ्यासकांना ठाऊक आहेच. त्या वाचायच्या कशा, हा प्रश्न मात्र अद्याप संपलेला नाही. माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या मसुद्यात आपल्या आजीच्या सांगण्यावरून एक मांडणी केली होती. ओवी म्हणताना बाई कोठे थांबते, हे जात्यात वैरण घालण्यासाठी तिचा हात खुंट्यावरून कधी सुटतो याच्याशी निगडित आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी तो स्वतः आजीसमोर दळायला बसला होता. तळव्याला फोड आले तेव्हा ओवीतला विसावा आपल्याला कळला, असेही त्याने लिहिले होते. ते वाक्य मी खोडले. समासात लिहिले, "याला सैद्धांतिक आधार काय?" आणि त्याच्या हाती मिल्मन पॅरी व आल्बर्ट लॉर्ड यांची मौखिक सूत्रबद्धतेची उपपत्ती दिली.

ती उपपत्ती थोर आहे, याविषयी दुमत नाही. पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गेला, गुस्ले हे वाद्य वाजवत श्रोत्यांसमोर दीर्घ वीरगाथा गाणाऱ्या गायकांना त्याने ऐकले, आणि लॉर्डने १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथात त्या अभ्यासाला पूर्णता दिली. पहाटेच्या अंधारात, श्रोत्याची अपेक्षा न ठेवता, पीठ पडावे म्हणून दळणारी आणि दळताना गाणारी बाई त्या साधनाच्या रचनेत कोठेच नव्हती. मी ज्याला योग्य ओपनर समजत होते तो दुसऱ्याच झाकणासाठी घडलेला होता. म्हणजे मीही चमचाच वापरला होता, फक्त टेकूला बोट माझे नव्हते. तो भार ओवीवर पडला आणि त्या विद्यार्थ्यावर. प्रबंध 'व्यवस्थित' झाला, आजी एका तळटीपेपुरती उरली.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की स्वानुभवाचा टेकू मान्य केला तर समीक्षा आत्मनिष्ठ होईल आणि ज्याचे बोट त्याचा अर्थ अशी अवस्था येईल. या भीतीत तथ्य आहे. परंतु टेकू म्हणजे तरफ नव्हे. नुसत्या बोटाने झाकण निघत नाही, त्यासाठी कठीण आणि सरळ दांडा लागतोच. त्या विद्यार्थ्यापाशी तोही होता : थांबण्याच्या जागांची त्याने काटेकोर नोंद केलेली होती. उपपत्ती नको, असे माझे म्हणणे नाही. ती कोठून आली याची झडती घेण्याने मात्र फारसे हाती लागत नाही. देशीवादाच्या वादात आपण अनेकदा चमचा कोणत्या घराचा एवढेच विचारत राहिलो आणि तो कशावर टेकला आहे हे पाहायचे राहून गेले.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. चमच्याचे कौतुक करणारे बहुधा तेच असतात ज्यांच्या घरी ओपनर खणात पडलेला असतो. ज्याला प्रत्येक बाटली बोटावर उघडावी लागते त्याला जुगाडाच्या गौरवाचे काय होय? ग्रंथालय नसलेल्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला 'तुझा अनुभव हेच तुझे शास्त्र' असे सांगून वाटेला लावणे हीदेखील एक फसवणूकच आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये दलित साहित्याच्या स्वतंत्र सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, तेव्हा त्यांना अनुभवाचा गौरव नको होता. नवे साधन घडवण्याचा अधिकार त्यांना हवा होता. तेव्हा संस्थेचे कर्तव्य दुहेरी ठरते : सर्व साधने विद्यार्थ्याच्या हाती देणे, आणि त्याने आणलेले साधन त्याच्या हातून काढून न घेणे. यांपैकी पहिले कर्तव्य मी पार पाडले. दुसऱ्याची मला त्या लाल वळापर्यंत जाणीवही नव्हती.

कोणतेही उघडणे संपूर्ण निर्दोष नसते, हेही मान्य केले पाहिजे. ओपनरने काढलेले झाकणही वाकतेच आणि ते पूर्ववत बसवता येत नाही. पुढे तो प्रबंध ग्रंथरूपाने काढण्याचे घाटत होते तेव्हा मी त्याला म्हटले, पहिल्या मसुद्यातले आजीचे प्रकरण परत घे, प्रस्तावनेत माझी चूक मी नोंदवते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तो मसुदा मी ठेवला नाही. तुम्ही खोडला होता ना. आणि आता विचारायला आजीही नाही."

हल्ली विद्यार्थी पहिला मसुदा घेऊन येतात तेव्हा त्याची एक प्रत मी खोडाखोड करण्यापूर्वी काढून ठेवते.