खर्चाचं वर्ष

घरखर्चाची वही नेमाने लिहिणाऱ्या घरांतही एक कोडं सुटत नाही. महिन्याचा हिशोब जुळतो, वर्षाचा जुळत नाही. समजा, घरात महिन्याला ६०,००० रुपये येतात. घरकर्जाचा हप्ता, किराणा, दूध, भाजी, वीजबिल, गॅस, पेट्रोल, मोबाइल धरून ५१,००० जातात. म्हणजे दरमहा ९,००० मागे पडायला हवेत, वर्षाला १,०८,०००. पण मार्चअखेर पासबुक उघडावं तर ते पैसे कुठेच नसतात. वर क्रेडिट कार्डाची बाकी उभी असते. मग घरात तो जुना प्रश्न निघतो: पैसे जातात तरी कुठे?

उत्तर शोधायला सगळे वळतात स्वयंपाकघराकडे. तेल इतकं कसं लागतं, पनीर दोनदा का आणलं, रविवारी बाहेर जेवायला जायची काय गरज होती? वहीत रोज दिसतं तेच डोळ्यांवर येतं आणि बोलणी बसतात ती रोजचा खर्च करणाऱ्या माणसाला. बहुतेक घरांत ती बाई असते. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करून तिने महिन्याला दोन-तीनशे वाचवलेले असतात, आणि हिशोब न जुळल्याचा ठपकाही तिच्यावरच येतो. मला हा अन्याय वाटतो. चूक तिच्या हाताची नसते, हिशोबाच्या मापाची असते. घराचा खर्च वर्षाच्या मापाने होतो आणि आपण तो महिन्याच्या मापाने मोजत बसतो.

महिना हे पगाराचं माप आहे. एक तारखेला पैसे येतात म्हणून एक ते तीस असा हिशोब आपल्या अंगवळणी पडला. खर्च मात्र पगाराची तारीख पाहून येत नाही. जून उजाडला की शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट. मग गणपती, पाठोपाठ दिवाळी. जानेवारी ते मार्चमध्ये विम्याचे हप्ते आणि घरपट्टी. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, आहेर, गावाला जाणं. यातला प्रत्येक खर्च त्या त्या महिन्यात ‘या वेळचा जादा खर्च’ म्हणून बाजूला काढला जातो. वर्षाच्या शेवटी पाहावं, तर असा जादा खर्च नसलेला महिना क्वचितच हाताला लागतो.

त्यात आपले सण चालतात पंचांगाने. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. एका दिवाळीला नोव्हेंबरचा पगार हातात होता, दुसरीला ऑक्टोबरचा पगार संपत आलेला. घर तेच, फराळ तोच, पण महिन्याच्या वहीत एक दिवाळी निभावलेली दिसते आणि दुसरी अंगावर आलेली. अधिक महिनाही असाच. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. जावयाला वाण द्यायचं, लेकीला साडी घ्यायची, हा खर्च साधारण तीन वर्षांनी येतो. येणार हे मात्र पक्कं असतं.

देशाचा घरखर्च मोजणाऱ्यांनाही हीच अडचण आली. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात बराच काळ सगळ्या वस्तूंसाठी मागच्या ३० दिवसांचा खर्च विचारला जाई. पण साडी काही दर महिन्याला घेतली जात नाही आणि दवाखान्यात भरती होणं दर महिन्याला घडत नाही. म्हणून पुढे तीन मापं आली. भाजी, फळं, तेल, अंडी, मासे-मटण यांचा खर्च मागच्या ७ दिवसांचा विचारायचा. कपडे, चपला, शिक्षण, रुग्णालय, टिकाऊ वस्तू यांचा मागच्या ३६५ दिवसांचा. बाकीचा ३० दिवसांचा. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा साधारण ४० टक्के निघाला, ग्रामीण कुटुंबांच्या ४७ टक्के. म्हणजे स्वयंपाकघरावर कितीही पहारा ठेवला, तरी निम्म्याहून अधिक खर्च त्याच्या बाहेरच होतो.

आता आधीच्याच घराचे वर्षाचे खर्च मांडून पाहू. शाळा ३६,०००. गणपती आणि दिवाळी मिळून ३०,०००. आयुर्विमा २४,०००. आहेर आणि गावाकडचा प्रवास २१,०००. मेडिक्लेम १८,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ९,०००. घरपट्टी ६,०००. बेरीज १,४४,०००. मागे पडणार होते १,०८,०००. तूट ३६,००० रुपयांची, आणि कार्डावर उभी असलेली बाकी तीच. कार्डाची बाकी पुढे ढकलली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. येणार हे ठाऊक असलेल्या दिवाळीसाठी एवढं व्याज भरावं लागतं, कारण महिन्याच्या वहीत दिवाळीला जागाच नव्हती.

१,४४,००० ला बाराने भागलं की १२,००० येतात. याचा अर्थ या घराला महिन्याला वापरायला ६०,००० मिळतच नव्हते, ४८,००० मिळत होते. ५१,००० खर्च करणाऱ्या घराला दरमहा ३,००० कुठून कमी करायचे एवढंच ठरवायचं आहे. ‘काटकसर करा’ या मोघम उपदेशाला इथे आकडा मिळतो, आणि आकड्यावर नवरा-बायकोला शेजारी बसून बोलता येतं.

ते १२,००० पगार झाल्याच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जावेत. सुरुवात जुलैत करावी, कारण जूनचा मोठा खर्च नुकताच उरकलेला असतो. जुलै ते ऑक्टोबर ४८,००० जमतात. गणपती-दिवाळीचे ३०,००० त्यातून निघतात आणि १८,००० उरतात. पुढचे हप्ते, घरपट्टी, आहेर, गाडी सगळं त्याच खात्यातून भागतं. पुढच्या जूनमध्ये ३६,००० ची फी भरली की खातं बरोबर शून्यावर येतं. त्या शून्याचं वाईट वाटून घेऊ नये. ती बचत नव्हतीच, वर्षाच्या खर्चाची बेगमी होती. बचत तिच्यापुढे सुरू होते, आणि अचानक येणाऱ्या आजारपणासाठी ठेवायची गंगाजळीही वेगळीच. बेगमी आणि गंगाजळी एकत्र झाल्या की दिवाळीत गंगाजळी आटते आणि जानेवारीत ताप आला की उसनवारी होते.

ही रीत आपल्या घरांना नवी नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचे, मिरच्या वाळवून वर्षाचं तिखट कुटून आणायचं, पापड-कुरडया करायच्या, हे सगळं वर्षाचंच गणित होतं. माणशी किती गहू, पाहुणे किती येतील, लेक बाळंतपणाला येणार आहे का, एवढं धरून पोती ठरत. ऊस पिकवणाऱ्या घराला तर दुसरा मार्गच नाही. बिल हंगामात येतं आणि त्यावर वर्ष काढायचं असतं. पगारदार घराने कोठीतलं धान्य महिन्याच्या किराण्यावर आणलं, ते सोयीचंही झालं; पण त्याबरोबर वर्षभर पुढे पाहण्याची सवयही सुटली, ती सुटायला नको होती.

यासाठी रोजचा रुपया न् रुपया लिहायलाच हवा असं नाही. मागच्या बारा महिन्यांचं पासबुक आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन एक संध्याकाळ बसावं. दर महिन्याला येणाऱ्या खर्चावर काट मारावी. जे उरेल त्याची महिनावार यादी करावी. या वर्षी न आलेला पण पुढच्या वर्षी येणारा खर्च, म्हणजे भाचीचं लग्न, अधिक महिना, दहावीचा क्लास, आठवून तिच्यात घालावा. बेरजेला बाराने भागावं आणि तो आकडा पगारातून वजा करावा. उरेल तो आपला खरा पगार. भाडं किती परवडेल, कर्जाचा हप्ता किती झेपेल, हे त्यावरून ठरवावं. आणि यादी करायला घरातल्या सगळ्यांनी बसावं, कारण हा खर्च सगळ्या घराचा आहे आणि त्याची जबाबदारीही कोणा एकीची नाही.